स्क्रूचे डोके वाचवावे, न वाचल्यास उडवावे

पुढच्या चाकाची ब्रेक डिस्क बदलताना कॅलिपर (डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबून ब्रेक लावणारा भाग) आणि त्याचे ब्रॅकेट निघाले, डिस्क हबला (चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागाला) धरून ठेवणाऱ्या दोन स्क्रूंपैकी एकही सुटला, पण दुसऱ्याची फुल्लीची खाच अर्धी गोल झाली, असे तुम्ही लिहिले आहे. पहिली विनंती अशी की, त्या स्क्रूवर साधा स्क्रू ड्रायव्हर आता पुन्हा फिरवून पाहू नका. खाचेच्या ज्या कडा अजून शाबूत आहेत, तेवढेच तुमचे भांडवल उरले आहे आणि प्रत्येक घसरणीबरोबर ते कमी होते.

हा स्क्रू बहुधा ६ किंवा ८ मिलिमीटरचा असतो आणि त्याच्या डोक्याखालचा भाग शंकूसारखा उतरता असतो. हा उतार डिस्कमधल्या तशाच उतरत्या खळग्यात बसतो. ब्रेकची उष्णता, पाणी आणि धूळ यांमुळे नेमका तिथेच गंज धरतो, त्यामुळे स्क्रू आट्यांत जितका अडकलेला असतो त्याहून किती तरी अधिक डोक्यापाशी अडकलेला असतो. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढचे सगळे उपाय तिच्यावरच आधारलेले आहेत.

खाच खराब होण्याचे दुसरे कारण बिटमध्ये, म्हणजे ड्रायव्हरच्या खाचेत बसणाऱ्या टोकात, असते. फिलिप्स या नेहमीच्या फुल्लीच्या भिंती तिरक्या असल्याने जोर वाढला की बिट आपोआप वर सरकतो. बऱ्याच जपानी गाड्यांत दिसायला अगदी तशीच, पण जपानी मानकाची फुल्ली असते. तिच्यात फिलिप्स बिट तळापर्यंत टेकत नाही. शिवाय या स्क्रूला पुष्कळदा क्रमांक ३ चा बिट लागतो आणि आपल्या हाताशी असतो तो क्रमांक २ चा.

तेव्हा आधी टोकदार सुईने खाचेतला गंज खरवडून काढा, गंज सोडवणाऱ्या तेलाचे दोन थेंब सोडा आणि थोडा वेळ जाऊ द्या. मग जाड, बोथट पंच (ठोके देण्याची पोलादी दांडी) डोक्यावर सरळ धरून हातोड्याचे चार-पाच ठोके द्या. हे ठोके स्क्रू फिरवण्यासाठी नसून उतारावरची गंजाची पकड मोडण्यासाठी असतात, आणि माझ्या अनुभवात निम्मे काम इथेच होते. त्यानंतर हातोड्याने ठोकून फिरवायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्यावा. ठोक्याबरोबर तो बिटला खाचेत दाबतो आणि त्याच क्षणी थोडा फिरवतोही, त्यामुळे बिट वर सरकायला वाव राहत नाही. तो सोडवण्याच्या दिशेला लावला आहे ना, हे आधी एखाद्या सैल स्क्रूवर पाहून घ्या (उलट दिशेने ठोकून स्क्रू आणखी आवळणारे मी पाहिले आहेत, आणि एकदा तो मीच होतो). बिट खाचेत घट्ट टेकवा, ड्रायव्हर हाताने डावीकडे पिळून ताण द्या आणि किलोभर वजनाच्या हातोड्याने एकच भरीव ठोका मारा. दहा हलक्या ठोक्यांनी फक्त खाच झिजते. डिस्क फिरू नये म्हणून मदतनिसाला ब्रेक दाबायला मात्र सांगू नका. कॅलिपर काढलेले असताना पेडल दाबल्यास पिस्टन बाहेर येईल. गाडी जॅकवर न ठेवता स्टँडवर ठेवावी आणि कॅलिपर ब्रेकच्या नळीवर लोंबकळत न ठेवता तारेने बांधावे, हे तुम्ही केलेच असेल.

तुमची खाच अर्धी गेलेली असल्यामुळे एक प्रयत्न असाही करता येईल की किंचित मोठा टॉर्क्स बिट (सहा टोकांच्या चांदणीच्या आकाराचा) तिच्यात ठोकून बसवावा. तोही फिरला नाही, तर मी आणखी वेळ घालवणार नाही. सरळ ड्रिल घ्यावे.

ड्रिल करणे म्हणजे हार मानणे, असे पुष्कळांना वाटते, म्हणून हे स्पष्ट करतो की चाक बसवल्यावर डिस्क हबवर दाबून धरण्याचे काम चाकाचे बोल्ट किंवा नट करतात. हा स्क्रू केवळ जोडणी करताना आणि चाक काढलेले असताना डिस्क जागेवर ठेवतो. जुनी डिस्क तर टाकूनच द्यायची आहे, तेव्हा तिला ओरखडा पडण्याची काळजी नाही. डोक्याच्या मध्यावर पंचाने खूण करून ३ मिलिमीटरचे छिद्र पाडा, मग स्क्रूच्या दांड्याहून किंचित जाड ड्रिल (६ मिलिमीटरच्या स्क्रूसाठी ६.५ पुरे) कमी वेगाने, चांगला दाब देऊन चालवा आणि डोक्याच्या जाडीपलीकडे जाऊ नका. डोळ्यांवर चष्मा हवाच. डोके तुटले की ते कड्यासारखे ड्रिलभोवती फिरू लागते. डिस्क ओढून काढल्यावर दांड्याचा तुकडा हबबाहेर डोकावतो, आणि उतारावरचा ताण संपलेला असल्यामुळे लॉकिंग पकडीने तो बहुधा आश्चर्य वाटावे इतक्या सहज फिरतो.

स्क्रू एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे स्क्रूमध्ये छिद्र पाडून त्यात उलटा पिळून बसवायच्या अवजाराच्या, नादी लागू नका. माझा एक्स्ट्रॅक्टर स्क्रूच्या आत तुटला होता आणि त्या कडक पोलादावर साधे ड्रिल नुसते घसरत राहिले. शेवटी तुकडा आत ठेवूनच उरलेल्या एका स्क्रूवर नवी डिस्क बसवली आणि ती व्यवस्थित चालली. ज्योतीने तापवण्याचा उपायही शक्यतो टाळा, कारण जवळच बेअरिंगचे सील, रबरी बूट आणि एबीएसचा (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) सेन्सर असतात. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर फवारलेल्या भागाला तर ज्योत मुळीच लावू नये. त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो.

बसवताना हबचा पृष्ठभाग तारेच्या ब्रशने चकचकीत करा, कारण तिथे राहिलेली गंजाची खपली डिस्क वाकडी फिरवते आणि पुढे पेडल थरथरते. नव्या स्क्रूच्या आट्यांना आणि डोक्याखालच्या उताराला अँटी-सीझचा (स्क्रू गंजून अडकू न देणाऱ्या वंगणाचा) अगदी पातळ लेप द्या. तो डिस्कच्या घर्षणपृष्ठाला लागू देऊ नका. स्क्रू हातानेच माफक आवळा. टॉर्क पाना (ठरावीक जोराने आवळणारा पाना) ब्रॅकेटच्या बोल्टांसाठी राखून ठेवा आणि त्यांना गाडीच्या पुस्तिकेत दिलेलाच टॉर्क द्या.