पश्चिमेच्या खिडकीला छज्जा पुरत नाही

प्रश्न : पॅनेलचं तयार घर उभारून वर्ष झालं. दिवाणखान्याची मोठी सरकती खिडकी पश्चिमेला आहे, झोपायच्या खोलीची दक्षिणेला. चारनंतर दिवाणखान्यात बसवत नाही. जाड पडदे लावले, तर भर दिवसा दिवे लावावे लागतात आणि उकाडा आहे तसाच. काचेला काळी फिल्म लावू, की दोन्हीकडे दोन फुटी छज्जे काढू?

उत्तर : फिल्म नको. ती उजेड बारमाही कापते, ढगाळ दिवशीसुद्धा, आणि स्वतः तापते ती वेगळीच. पडद्यांनाही बोल लावू नका. ऊन त्यांच्यापर्यंत पोचतं तेव्हा काच ओलांडून घरात आलेलं असतं. ते काचेच्या बाहेरच अडवायला हवं, आणि तुमच्या घरात तर नक्कीच. विटांची जाड भिंत आत आलेली उष्णता काही तास पोटात घेते. सँडविच पॅनेलला, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेल्या तुमच्या भिंतीला, तेवढं वजनच नसतं, त्यामुळे आतली हवा झटकन तापते. वर मधला फोम ती उष्णता बाहेरही जाऊ देत नाही.

दक्षिणेला छज्जा जरूर काढा, पण दोन फूट कशाला? २० अंश उत्तर अक्षांश धरून हिशेब सांगते. मार्च-सप्टेंबरच्या विषुवदिनी भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ७० अंशांवर असतो. तेव्हा ४५ सेंटीमीटरचा छज्जा त्याच्या लगेच खालची १२० सेंटीमीटर उंचीची खिडकी पूर्ण झाकतो. डिसेंबरअखेर सूर्य ४६.५ अंशांपर्यंतच चढतो. मग त्याच छज्ज्याची सावली ४७ सेंटीमीटरवर थांबते आणि खालून थंडीतलं हवंहवंसं ऊन आत येतं. छज्जा दोन्ही बाजूंना फूटभर जास्त घ्या, नाहीतर तिरपं ऊन कडेनं घुसतं.

पश्चिमेला मात्र छज्जा म्हणजे निव्वळ शोभा, कारण तिथलं ऊन समोरून, जवळजवळ आडवंच येतं. तिथे बाहेरून सरकणारी लुव्हरची, म्हणजे ओळीनं पट्ट्या असलेली, झडप बसवा. पट्ट्या आडव्या आणि फिरवता येणाऱ्या, वरची बाजू पांढरी. दुपारपर्यंत झडप बाजूला सारून ठेवा. नंतर ओढून पट्ट्यांची बाहेरची कड खाली झुकवा. थेट ऊन अडेल, आणि पांढऱ्या पट्ट्यांवरून उडालेला उजेड आत येत राहील. छत पांढरं असेल तर फारच छान. झडप आणि काच यांच्यात चार बोटं जागा सोडा, तापलेली हवा वर निघून जाते.

खरी गोम जोडणीत आहे. पॅनेलचा पत्रा जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्यात नुसते स्क्रू पिळून छज्जा टांगणारे कारागीर भेटतात, त्यांना हात जोडा. वाऱ्यानं छज्जा उचलला की स्क्रू पत्र्यासकट उपटतात. घराच्या नकाशात सांगाड्याच्या लोखंडी नळ्या कुठे आहेत ते बघा आणि ब्रॅकेट तिथेच बोल्टनं आवळा. मध्ये नायलॉनची जाड चकती हवी, म्हणजे ब्रॅकेटची धग सांगाड्यात उतरणार नाही. भोकाभोवती सीलंट भरा. ज्यांचं घर अजून कारखान्यातच आहे, त्यांनी ब्रॅकेटसाठीच्या पट्ट्या तिथेच सांगाड्याला वेल्ड करून घ्याव्यात.