न्यूट्रिनो, पहिला सेकंद आणि खळ्यावरचा भुसा

प्रश्न : न्यूट्रिनो जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने जातो आणि क्वचितच कशाला अडतो, असे आम्ही शाळेत शिकवतो. मग एवढ्या हलक्या कणाच्या वस्तुमानाने आरंभीच्या विश्वात काय फरक पडला असेल? खळ्यावर तूर उपणताना भुसा वाऱ्यावर जातो आणि दाण्यांची रास उरते, तसेच न्यूट्रिनोंचे झाले, असे मुलांना सांगावे काय?
– एक माध्यमिक शिक्षक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : उपमा अवश्य सांगावी, मात्र तिच्यात एक दुरुस्ती हवी. त्याआधी काळाचा क्रम लक्षात घेऊ. महास्फोटानंतरच्या पहिल्या सेकंदात तापमान १,००० कोटी केल्विनच्या घरात होते आणि पदार्थ इतका दाट होता, की न्यूट्रिनोही सतत इतर कणांवर आदळत असत. न्यूट्रॉनचे प्रोटॉन आणि प्रोटॉनचे न्यूट्रॉन होण्यात त्यांचा सहभाग होता, आणि आज सामान्य पदार्थात वजनाने सुमारे २५ टक्के हेलियम का आहे, याचे उत्तर बरेचसे त्या घडामोडींत सापडते. परंतु न्यूट्रिनोची ऊर्जा तेव्हा त्याच्या वस्तुमानापेक्षा लाखो पटींनी मोठी असल्याने वस्तुमान शून्य असते, तरी तेथे फरक पडला नसता.

वस्तुमानाचा परिणाम पुष्कळ नंतर दिसू लागला. सुमारे एका सेकंदानंतर मोकळे झालेले न्यूट्रिनो विश्व प्रसरण पावले तसे मंदावत गेले. (सूर्याकडून येणारे न्यूट्रिनो आजही प्रकाशाच्या जवळपास वेगाने येतात, शाळेतले विधान त्यांना लागू आहे, या जुन्या न्यूट्रिनोंना नाही.) पदार्थ गुरुत्वाकर्षणाने गोळा होऊन दीर्घिकांची बीजे रुजत होती, तेव्हा हे कण गुरुत्वाकर्षणाच्या त्या खळग्यांत थांबण्याइतके संथ नव्हते. येथे दुरुस्ती येते : भुसा खळ्याबाहेर जातो, न्यूट्रिनो मात्र विश्वातच पसरून राहिले आणि आजही दर घन सेंटिमीटरमध्ये सरासरी सुमारे ३३६ आहेत. एकूण वजनात, म्हणून प्रसरणाच्या हिशेबातही, त्यांची भर पडते, पण रास, म्हणजे गोळा होणारा पदार्थ, वाढवायला ते हातभार लावत नाहीत. त्यामुळे रास दीर्घ काळ हळू वाढते. पदार्थात त्यांचा वाटा एक टक्का असेल, तर लहान अंतरांवरील दाटी-विरळाईचे सांख्यिकीय माप तब्बल आठ टक्क्यांच्या आसपास घटते. दीर्घिकांच्या मांडणीवरून न्यूट्रिनोचे वस्तुमान जोखता येते, ते यामुळेच.

न्यूट्रिनोला वस्तुमान आहे, हे १९९८ साली जपानमधील सुपर-कामिओकांडे प्रयोगाने त्याला एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात बदलताना पाहून दाखवले (न्यूट्रिनोचे तीन प्रकार आहेत). त्या बदलांवरून तिन्हींच्या वस्तुमानांची बेरीज किमान ०.०६ इलेक्ट्रॉनव्होल्ट (कणांचे वस्तुमान मोजण्याचे एकक) ठरते. जर्मनीतील कार्ल्सरूहे येथील काट्रिन प्रयोगाने २०२५ साली एका न्यूट्रिनोसाठी ०.४५ ही वरची मर्यादा दिली. म्हणजे तो इलेक्ट्रॉनपेक्षा दहा लाखांहून अधिक पटींनी हलका आहे. ही मर्यादा सैल असली, तरी विश्वाच्या प्रतिरूपावर अवलंबून नाही, म्हणून मला ती अधिक भरवशाची वाटते. आकाशावरून मिळणारी मर्यादा कितीतरी कडक आहे. महास्फोटानंतर उरलेले प्रारण मोजणाऱ्या प्लांक उपग्रहाच्या २०१८ च्या विश्लेषणात बेरजेची मर्यादा ०.१२ होती, २०२४ साली दीर्घिकांची मांडणी मोजणाऱ्या डेसी सर्वेक्षणाची भर पडून ती ०.०७२ पर्यंत खाली आली. ती ०.०६ च्याही खाली गेली, तर प्रयोगशाळा आणि आकाश यांचा मेळ बसणार नाही, आणि तेव्हा संशय न्यूट्रिनोपेक्षा विश्वाच्या प्रसरणाविषयीच्या आपल्या गृहीतकांवर आधी घ्यावा लागेल.