द्राक्षांचा कंटेनर भरण्यापूर्वी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

येत्या हंगामात घरच्या बागेतील थॉम्पसन जातीची द्राक्षे स्वतःच नेदरलँड्समधील रॉटरडॅम बंदराला पाठवण्याचा तुझा बेत पत्रातून समजला. कोणत्या शिपिंग कंपनीचे भाडे परवडेल, असे तू विचारले आहेस. भाडे सतत बदलते आणि कोणताही एजंट ते फोनवर सांगेल. मला त्याआधीच्या कामाविषयी लिहायचे आहे, कारण कंटेनरचे दार बंद झाल्यावर माल सुधारणे कोणाच्याच हातात राहत नाही.

रीफर, म्हणजे शीतयंत्र बसवलेला कंटेनर माल थंड करतो, हा नवख्या निर्यातदाराचा ठाम गैरसमज असतो. ते यंत्र आधीच गार केलेला माल गार राखण्यासाठी बनवलेले असते. कोमट पेट्या भरल्या तर मधल्या पॅलेटमधील घड कित्येक दिवस तसेच राहतात. म्हणून खरी परीक्षा निफाड-दिंडोरीकडच्या पॅकहाउसमध्येच होते. घड सकाळी लवकर काढावेत, मण्यांवरचा पांढरट थर पुसला जाऊ नये म्हणून देठाला धरूनच हाताळावेत आणि पॅकिंग होताच प्रीकूलिंगला, म्हणजे थंड हवेने झपाट्याने गार करायला लावावेत. सहा ते आठ तासांत मण्याच्या गाभ्याचे तापमान शून्य ते एक अंशावर आले पाहिजे. खोलीच्या भिंतीवरील आकड्यावर विसंबू नकोस. मण्यात थर्मामीटरची सुई खुपसून पाहा, आणि तीही थप्पीच्या मधल्या पेटीत, कारण कडेच्या पेटीचा आकडा नेहमीच समाधानकारक येतो.

त्यानंतर ग्रेप गार्डचा, म्हणजे पेटीत घडांवर ठेवायचा बुरशीरोधक कागद. त्यातील सोडियम मेटाबायसल्फाइट ओलाव्याशी संयोग पावून गंधकाचा वायू सोडते आणि त्यामुळे करड्या बुरशीला आळा बसतो. परंतु घड पुरते गार होण्याआधीच हा कागद घालून पिशवी मिटली, तर आत पाणी सुटते, वायू एकदम बाहेर पडतो आणि देठाजवळची साल पांढरी पडते. असा मणी युरोपातील खरेदीदार हातातही धरत नाही. रात्री उशिरा, मजूर दमलेले आणि ट्रेलर दाराशी उभा असताना, हीच पायरी घाईत उरकली जाते. त्या वेळी तू तिथे स्वतः उभा असावास, एवढा माझा आग्रह आहे.

भरताना कंटेनर आधीच गार केलेला असावा, यंत्र साधारण उणे अर्ध्या अंशावर लावलेले असावे आणि बाहेरची हवा आत घेणारी खिडकी बंद असावी. थंड हवा खालच्या खाचांच्या फरशीतून येऊन पेट्यांमधून वर चढते. त्यामुळे पेट्यांची छिद्रे एकावर एक जुळली पाहिजेत, थप्पी कंटेनरच्या भिंतीवरील लाल रेषेच्या वर जाता कामा नये आणि दाराजवळ उघडी राहिलेली फरशी पुठ्ठ्याने झाकली पाहिजे, अन्यथा हवा सोपी वाट धरून तिथूनच निसटते.

रासायनिक अंशांबाबत थोडक्यात लिहितो, पण ते हलके घेऊ नकोस. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश युरोपातील तपासणीत सापडले आणि आपल्या द्राक्षांचे कंटेनर तिकडे अडकले. ग्रेपनेट या निर्यातीच्या द्राक्षबागांच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीतील बागेची नोंदणी, फवारणीची वही आणि काढणीपूर्वीचा प्रयोगशाळेचा अहवाल ही कामे जानेवारीत धावपळ करून होत नाहीत. खरड छाटणीपासूनच, म्हणजे उन्हाळ्यातील पहिल्या छाटणीपासूनच त्यांकडे लक्ष हवे.

आता प्रवासाविषयी. न्हावाशेव्याहून सुएझमार्गे रॉटरडॅमला सुमारे तीन-साडेतीन आठवडे लागत. २०२३ च्या अखेरीस लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर बहुतेक कंपन्यांनी आफ्रिकेला वळसा घातला आणि प्रवास साधारण दोन आठवड्यांनी लांबला. बुकिंगपूर्वी जहाज कोणत्या वाटेने जाणार, हे लेखी विचार; लांबच्या वाटेसाठी हिरव्या, टणक देठाचाच माल निवड आणि पावसात सापडलेल्या बागेचा घड, कितीही देखणा असला तरी, देशी बाजारात वीक.

विम्याची कागदपत्रे सही करण्यापूर्वी वाच. सागरी मालविम्याच्या प्रचलित अटींमध्ये केवळ उशिरामुळे झालेले नुकसान वगळलेले असते, आणि यंत्र बंद पडल्याची भरपाई हवी असेल तर त्यासाठी बहुधा वेगळे कलम घ्यावे लागते. तुझा स्वतःचा तापमान-नोंदक दाराकडच्या पॅलेटमध्ये आणि दुसरा मध्यभागी ठेव, त्यांचे क्रमांक पॅकिंग यादीवर लिहून घे. माल कन्साइनमेंटवर, म्हणजे विक्रीनंतर भाव ठरवण्याच्या बोलीवर जाणार असेल, तर दार उघडल्यापासून किती तासांत छायाचित्रांसह तपासणी अहवाल मिळेल आणि तक्रार झाल्यास सर्वेक्षकाचा खर्च कोण सोसेल, हे ई-मेलवर ठरल्याखेरीज कंटेनर हलवू नकोस.

कळावे.