सरकारी पैशाने रंगलेली भिंत राजकीय असू शकते का?

प्रश्न : आमच्या शहरात नगरपालिकेने स्वच्छता मोहिमेत रस्त्यालगतच्या भिंती रंगवून घेतल्या. त्यांवर झाडे, मोर आणि घोषवाक्ये आहेत. भित्तिचित्र ही बंडखोर कला आहे असे वाचनात येते. मग पैसे सरकारनेच मोजल्यावर त्यात राजकीय अभिव्यक्ती उरते का? आणि उद्या पालिकेने त्यावर चुना फासला, तर चित्रकाराला काही हक्क असतो का?
— एक वाचक, वर्धा

उत्तर : पैसे कोणी दिले, एवढ्यावरून चित्राचे राजकारण ठरत नाही. विसाव्या शतकातील सर्वांत गाजलेली राजकीय भित्तिचित्रे मेक्सिकोत सरकारी खर्चानेच रंगली. क्रांतीनंतर, १९२१ मध्ये शिक्षणमंत्री झालेल्या होसे वास्कोन्सेलोस यांनी, बहुसंख्य निरक्षर असलेल्या जनतेपर्यंत देशाचा इतिहास पोहोचावा म्हणून, सार्वजनिक इमारतींच्या भिंती चित्रकारांच्या हवाली केल्या. दिएगो रिवेरा यांनी मेक्सिको शहरातील शिक्षण मंत्रालयाच्या दोन चौकांभोवती १९२३ ते १९२८ या काळात शंभराहून अधिक चित्रे रंगवली. हे काम ओल्या चुन्याच्या गिलाव्यावरचे होते. गिलावा वाळण्याआधी रंग भरावा लागत असल्याने एका दिवसात जेवढे रंगवून होईल, तेवढाच गिलावा चढवायचा. आणि रंग गिलाव्यातच मुरत असल्याने काही चुकले तर तेवढा भाग खरवडून नव्याने सुरुवात करायची.

त्यांतील ‘आपली भाकरी’ अशा अर्थाच्या नावाचे चित्र आपल्याला विशेष जवळचे वाटावे. एका टेबलाभोवती कष्टकरी माणसे बसली आहेत, मागे डोक्यावर फळांची टोपली घेतलेली स्त्री उभी आहे, आणि मधोमध बसून सर्वांसाठी पाव मोडणारी आकृती पांडुरंग खानखोजे यांच्यावरून रंगवल्याचे सांगितले जाते. होय, आपल्याच वर्धा जिल्ह्यातले, गदर चळवळीतले खानखोजे! ते तेव्हा मेक्सिकोतील चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवत होते आणि त्याच विद्यालयाच्या जुन्या प्रार्थनागृहातही रिवेरा यांनी चित्रे रंगवली. मंत्रालयाच्या त्याच मालिकेत दुसरीही एक पंगत आहे. तिच्यात रॉकफेलर, फोर्ड आणि मॉर्गन हे धनिक शेअरभावांची कागदी पट्टी वाचत जेवायला बसले आहेत.

गंमत अशी की, पुढे याच रॉकफेलर घराण्याने न्यूयॉर्कमधील आपल्या नव्या इमारतीसाठी रिवेरा यांनाच बोलावले. १९३३ मध्ये त्या चित्रात लेनिनचा चेहरा दिसला, तेव्हा नेल्सन रॉकफेलर यांनी तो बदलण्याची विनंती केली. रिवेरा यांनी नकार दिला. त्यांचे मानधन पूर्ण चुकते झाले, चित्र झाकले गेले आणि फेब्रुवारी १९३४ मध्ये ते फोडून टाकण्यात आले. त्याच वर्षी रिवेरा यांनी त्याची आवृत्ती मेक्सिको शहरातील ललित कला प्रासादात पुन्हा रंगवली. तेव्हा विचारायचा प्रश्न पैशाचा नसून, न रुचणारा चेहरा भिंतीवर राहू देण्याची पैसे देणाऱ्याची तयारी आहे का, हा आहे. मोराने कोणाचे काही बिघडवलेले नाही; पण विषय आणि मजकूर आधीच ठरवून चित्रकाराच्या हाती फक्त कुंचला दिला असेल, तर ती रंगकामाची मजुरी झाली.

हक्काबाबत आपला कायदा काही अंशी चित्रकाराच्या बाजूने आहे. प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ५७ नुसार, कलाकृती विकल्यानंतरही तिची मोडतोड होऊन आपल्या लौकिकाला बाधा येत असेल, तर कलावंत दाद मागू शकतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातील अमरनाथ सहगल यांचे भव्य कांस्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये उतरवताना त्याची नासधूस झाली. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्याचे अवशेष सहगल यांना परत करण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. मात्र कलाकृती दर्शनी न ठेवणे हा हक्कभंग मानला जात नाही, असे त्याच कलमाचे स्पष्टीकरण सांगते. शिवाय कांस्याचे अवशेष परत देता येतात, चुन्याखाली गेलेला रंग देता येत नाही. म्हणून चित्र किती वर्षे ठेवायचे आणि पुसण्यापूर्वी चित्रकाराला किती दिवस आधी कळवायचे, हे कामाच्या करारातच लिहून घ्यावे.