मेंबर नऊ, मीटिंगला चार... सोरोरिटी चालवायची कशी?

प्रश्न : ताई, मी न्यूयॉर्कला क्वीन्समधे राहते. आमच्या कॉलेजात सगळी घरून ये-जा करणारी पोरं, लेक्चर संपलं की सबवे नाहीतर बस. आमची साउथ एशियन मुलींची सोरोरिटी, म्हणजे कॉलेजातल्या मुलींची संघटना आहे, यावर्षी मी प्रेसिडेंट. नऊ जणी आहोत पण सोमवारी रात्री आठच्या मीटिंगला चारच येतात, कोणाची शिफ्ट असते, कोणाला घरून नऊच्या आत ये म्हणून फोन. ड्यूज, म्हणजे मेंबरांची वर्गणी, तीही थकलीय. मोठ्या युनिव्हर्सिटीत मुली सोरोरिटीच्या घरात एकत्र राहतात ते बघितलं की वाटतं आपलं काही खरं नाही. बंद करू का?

उत्तर : अगं थांब, बंद काय करतेस! ते घराचं आधी डोक्यातनं काढ. आपल्याकडच्या मुलींच्या सोरोरिट्या काही बंगल्यात नाही जन्मल्या, १९९८ च्या डिसेंबरात सिग्मा सिग्मा रो निघाली ती तुमच्या क्वीन्समधल्याच सेंट जॉन्स युनिव्हर्सिटीत आणि त्याच महिन्यात डेल्टा फाय ओमेगा ह्यूस्टन युनिव्हर्सिटीत, दोन्हीकडे तेव्हा घरून येणाऱ्यांचाच भरणा. त्याच्याही आधी, १९१३ ला, हंटर कॉलेजात फाय सिग्मा सिग्मा सुरू झाली, त्या मुलीपण न्यूयॉर्कातल्या आपापल्या घरूनच यायच्या.

आता तुझी मीटिंग. रात्री आठ ही हॉस्टेलवाल्यांची वेळ आहे गं, त्यांना जिना उतरला की मीटिंग, तुमच्या मुलीने पाचला क्लास संपल्यावर तीन तास कुठे बसायचं आणि मग तासभर ट्रेन? मला तर चार येतात हेच खूप वाटतं. तिकडे क्यूनीच्या, म्हणजे न्यूयॉर्क शहराच्या सरकारी युनिव्हर्सिटीच्या, बऱ्याच कॉलेजांत आठवड्यात दुपारी क्लब अवर्स असतात, तेव्हा क्लासेस फारसे नसतात, तुमच्याकडे तसं काही असेल तर मीटिंग तिथे हलव, आणि नुसत्या सूचना असतील तर त्या ग्रुपवर टाकून मोकळी हो, मीटिंगमधे फक्त ठरवायच्या गोष्टी. गैरहजेरीचा दंड लावत असाल तर शिफ्टवालीला तो लावू नका, पैसे मिळत नाहीत आणि पोरगी जाते.

ड्यूजमधे नॅशनलचा, म्हणजे देशपातळीवरच्या मुख्य संघटनेचा, हिस्सा आणि इन्शुरन्स तुझ्या हातात नसतो, पण टी-शर्ट, हॉल, फॉर्मलचा, म्हणजे नटूनथटून जायच्या पार्टीचा, ड्रेस हे असतं ना. तिथे कात्री लाव आणि उरलेल्याचे महिन्याचे हप्ते कर.

नवीन मुलींचं जरा वेगळं आहे. दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजातून ट्रान्सफर होऊन येणाऱ्या मुली दोन वर्षांत पास होऊन जातात, त्यामुळे त्यांना पहिल्याच सेमिस्टरला विचारायचं, पुढच्या वर्षी बघू म्हटलं की संपलं. आणि एकट्याने नऊ-दहाचा आकडा ओढत बसू नका. ब्लॅक सोरोरिट्यांमधे कुठे कुठे शहरातल्या दोन-तीन कॉलेजांच्या मुली मिळून एकच सिटीवाइड चॅप्टर, म्हणजे शाखा, चालवतात, तुमच्या नॅशनलच्या नियमात बसतं का ते विचार. अ‍ॅलम, म्हणजे शिकून बाहेर पडलेल्या जुन्या मेंबर, त्याच शहरात नोकऱ्या करतायत, हा तर तुमचा फायदाच, रिझ्युमे बघायला शनिवारी सकाळी एखादीला बोलव, बघ नऊच्या नऊ येतात की नाही.

मुलींच्या आयांना एकदा दुपारच्या कार्यक्रमाला बोलवाच, त्यांच्या डोळ्यासमोर सिनेमातल्या पार्ट्या असतात. आणि चार्टर, म्हणजे नॅशनलने दिलेली मान्यता, परत करायची भाषा अ‍ॅडव्हायझरशी बोलल्याशिवाय नको, फारच झालं तर चॅप्टर इनॅक्टिव्ह ठेवता येतो का आणि नंतर पुन्हा चालू करायला किती मुली लागतात, हे तिलाच विचार.