तात्यांना खोटं पटतंच कसं?

प्रश्न : आमचे तात्या तीस वर्षं सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा व्यापार करतात. हळकुंड मोडून आतला रंग बघितल्याशिवाय शब्द देत नाहीत. पण मोबाईलवर त्यांच्या पक्षाच्या सोयीचं काहीही आलं की लगेच खरं. परवा समोरच्या नेत्याची कापलेली क्लिप त्यांनी भावकीच्या ग्रुपवर टाकली, मी तिथंच अख्खं भाषण टाकलं, तर म्हणाले, "असंल क्लिप खोटी, पण माणूस तसलाच हाय." आता माझ्याशी बोलत नाहीत. माझं चुकलं का?
(एक वाचक, सांगली)

उत्तर : क्लिप खोटी असेल हे तात्यांनी मान्य केलंय बरं का, फक्त त्यानं त्यांना काही फरक पडत नाही, कारण त्या माणसाबद्दलचं मत आधीच पक्कं झालंय आणि क्लिप नुसती त्याला जोड म्हणून आली. 2019 च्या पुरात कोयनेच्या विसर्गाचा मेसेज आला असता तर हेच तात्या छत्री घेऊन आयर्विन पुलावर पाणी किती फुटांवर आहे ते बघायला गेले असते की नाही? तिथं चुकलं तर घरात पाणी शिरतं. क्लिप चुकली तर त्यांचं काय जातं, उलट खोटी मानली तर पक्षातल्या मित्रांत मान खाली जाते.

आणि हे एकट्या तात्यांचं नाही. 1979 साली अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी फाशीच्या बाजूच्या आणि विरोधातल्या अशा 48 विद्यार्थ्यांना तेच दोन अभ्यास वाचायला दिले, एक फाशीनं गुन्हे कमी होतात म्हणणारा, दुसरा उलटा. वाचून झाल्यावर दोन्ही गट आपापल्या मतावर जास्तच घट्ट झाले. नुसतं शिकवूनही भागत नाही. संशोधक सुमित्रा बद्रिनाथन यांनी 2019 च्या लोकसभेच्या वेळी बिहारमध्ये लोकांना घरी जाऊन तासभर खोटी बातमी कशी ओळखायची ते शिकवलं, एकूणात फरक पडला नाही, आणि भाजप समर्थकांना तर आपल्या पक्षाच्या सोयीचं खोटं ओळखणं उलट आणखी जड गेलं.

सगळं पक्षामुळंच होतं असंही नाही हं. सप्टेंबर 2022 मध्ये आपल्याच जत तालुक्यात लवंगा गावात पंढरपूरला निघालेल्या चार साधूंना मुलं पळवणारे समजून मारलं, तिथं नुसती भीती पुरली. मला ते अजून विसरता येत नाही.

तुमचं भाषण टाकणं चुकलं नाही, जागा चुकली. सगळ्या भावकीसमोर खोटं पाडल्यावर तात्या क्लिप सोडून स्वतःची अब्रू सांभाळायला लागले, कोणीही लागेल. आता ग्रुपवर एक शब्द टाकू नका. संध्याकाळी यार्डातून आले की चहाला बसा आणि आधी तुमच्या आवडत्या पक्षाच्या बाजूची एखादी खोटी पोस्ट, जी तुम्हालाही खरी वाटली होती, ती दाखवा, मी फसलो म्हणा. त्यांच्या क्लिपचा विषय त्या दिवशी काढूच नका, त्यांनीच काढला तर काढू दे.