अ‍ॅपवर डिलिव्हरी करणारा 'रोजंदार' की 'गुत्त्यावरचा'?

विचारणा अशी आहे: अ‍ॅपवरून जेवण, किराणा पोहोचवणाऱ्या पोरांसाठी बातमीत 'रोजंदार' लिहावं की 'कंत्राटी कामगार'? आणि नांदेड-लातूरकडचा 'गुत्त्यावर' (म्हणजे ठेक्याने) हा शब्द चालेल का?

'रोजंदार' नको. रोजंदारीत दिवस भरला की मजुरी पक्की, मालकाचं काम कमी निघालं तरी. अ‍ॅप दहा तास चालू ठेवलं आणि ऑर्डरी आल्या नाहीत, तर बहुतेकदा हातात काहीच पडत नाही. 'कंत्राटी' तर जास्तच घातक. कंत्राटी माणसाला कंत्राटदार हा मालक असतो, हजेरी असते, पीएफचा हक्क असतो. सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 ने गिग कामगाराची व्याख्या मालक-कामगार या रूढ नात्याबाहेर राहून कमावणारा अशी केली आहे. 'कंत्राटी' छापलं की वाचणारा धरून चालतो, या पोराचा पीएफ कुठेतरी जमा होतोय.

'गुत्तं' बरंच जवळ जातं. तेलुगूतलं गुत्त, कन्नडमधलं गुत्तिगे, त्याच घरचा आपला गुत्ता आणि गुत्तेदार. पैसा लागलेल्या वेळेचा नाही, झालेल्या कामाचा, हे दोन्हीकडे सारखं. पण विहीर खोदायचं गुत्तं घेताना घासाघीस होते, दर ठरतो आणि मगच पहार पडते. अ‍ॅपवर दर एकतर्फी ठरतो, एकतर्फी बदलतो. पोराने काही सेकंदांत हो किंवा नाही म्हणायचं. 'गुत्त्यावर' म्हटलं की ही न झालेली बोलणी झाल्यासारखी वाटतात.

माझ्या मते बोलण्यात 'खेपेवर' सगळ्यात नेमका. टँकर, ट्रॅक्टर, मुरूम, सगळं आपल्याकडे खेपेवरच चालतं. शिवाय त्याच्यासोबत 'रिकामी खेप' हा शब्द आयता मिळतो, आणि सगळा हिशेब तिथेच अडतो. ट्रॅक्टरवाला भाडं सांगताना येणं-जाणं धरून सांगतो. ऑर्डर देऊन परत येण्याचे पैसे सहसा वेगळे मिळत नाहीत. समजा खेपेला 30 रुपये मिळाले, 4 किलोमीटर जाणं आणि 4 रिकामं येणं. गाडी लिटरला 40 देत असेल, तर 0.2 लिटर पेट्रोल. लिटर 105 रुपयांनी धरलं तरी 21 रुपये गेले. उरले 9. टायर, ऑइल, मोबाईलचा रिचार्ज यातूनच. म्हणून 'कमाई' लिहिताना पेट्रोल वजा करून की धरून, हे सांगितलंच पाहिजे.

खेप वाहतुकीपुरतीच. घरी येऊन पार्लरचं काम किंवा एसी दुरुस्ती करणाऱ्यांना ती लागू होत नाही. छापील मजकुरात सरळ 'गिग कामगार' किंवा 'प्लॅटफॉर्म कामगार' (अ‍ॅपसारख्या ऑनलाइन मंचावरून काम मिळणारा) लिहा. संहितेत या दोन्हींच्या व्याख्या वेगळ्या आहेत, त्यामुळे योजनेची बातमी असेल तर शब्दांची अदलाबदल करू नका.

आणखी दोन शब्द जपून वापरा. कंपनी 'पार्टनर' म्हणते म्हणून 'भागीदार' लिहू नये. 1932 च्या भागीदारी कायद्यात भागीदार तो, ज्याचा नफ्यात वाटा ठरलेला असतो. तसंच 'इन्सेंटिव्ह'ला 'बोनस' म्हणू नये. कायद्यातला बोनस पगाराच्या किमान 8.33 टक्के असतो आणि तो पात्र कर्मचाऱ्याचा हक्क आहे. इन्सेंटिव्ह ठरावीक ऑर्डरींच्या अटीवर मिळतो, एक ऑर्डर कमी पडली तरी जातो.

'आयडी बंद झाली' (म्हणजे अ‍ॅपवरचं कामाचं खातं बंद झालं) हे पोरांचं वाक्य मात्र बातमीत जसंच्या तसं ठेवा. 'कामावरून काढलं' असं लिहिलं की नोटीस, चौकशी, हिशेब असं काही झालं असावं असा समज होतो. तक्रार अर्ज लिहून देत असाल, तर 'अमुक कंपनीने आयडी अमुक तारखेला, अमुक वाजता बंद केली, कारण कळवलं नाही, इतकी रक्कम येणं बाकी' असं लिहा आणि स्क्रीनवर आलेल्या संदेशाचा फोटो जोडा. 'बंद झाली' नव्हे, 'बंद केली'. अर्जात करणाऱ्याचं नाव आलंच पाहिजे.